यंत्रातील डोंगर आणि नागपूरचे पाणी



डोंगर उभारणे हे काम युगानुयुगे निसर्गाकडे सोपविलेले होते. मनुष्याच्या वाट्यास त्यातले आले ते एवढेच, की दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचाव्या, त्यांवर गोणपाट अंथरावे, चिखल लिंपावा आणि अळीव पेरून किल्ल्यावर हिरवळ आणावी. आता मात्र संगणकापुढे बसलेला एखादा महाविद्यालयीन तरुण एका संध्याकाळात सह्याद्रीएवढी रांग उभी करतो, न आवडल्यास पुसून टाकतो, आणि जेवणापूर्वी दुसरी उभी करतो. टेरॅजेन, वर्ल्ड मशीन, गेइया ही अशा कामाच्या साधनांची नावे. ब्लेंडर आणि क्यूजीआयएस ही तर विनामूल्य मिळतात. चित्रपटांतील पर्वत आणि खेळांतील रणभूमी ह्याच कारखान्यात तयार होतात. ह्या विद्येचा इतिहास आज मी सांगणार आहे. आणि तो नागपुरात बसून सांगण्यास विशेष कारण आहे, ते पुढे ओघाने येईलच.

नवशिक्यास प्रथम जी गोष्ट समजून घ्यावी लागते ती गोणपाटाचीच आहे. यंत्रास डोंगर ठाऊक नसतो. त्यास ठाऊक असते ती आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या आकड्यांची एक प्रचंड सारणी. प्रत्येक घरात एक आकडा, आणि तो आकडा म्हणजे त्या ठिकाणची उंची. ही सारणी करड्या रंगाच्या चित्राच्या रूपानेही ठेवता येते: खोलगट जागा काळी, उंच जागा पांढरी. ह्या चित्रास हाइटमॅप म्हणतात. एका ठिकाणी एकच उंची असू शकते, म्हणून ह्या पद्धतीने गुहा कोरता येत नाही की पुढे झुकलेला कडा दाखविता येत नाही. विटांवर टाकलेल्या गोणपाटालाही गुहा नसते. मुले तेथे पुठ्ठ्याचा दरवाजा बाहेरून चिकटवितात, आणि चित्रपटवाले कारागीरही थोडेफार तेच करतात.

मग हे आकडे येतात कोठून? ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक, ते कल्पनेने निर्माण करावे. दुसरे, ते प्रत्यक्ष भूमीवरून मोजून आणावे. मोजणीचा इतिहास जुना आहे, म्हणून त्यापासून आरंभ करू.

१८०२ च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन ह्या लष्करी अधिकाऱ्याने एक आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या देवालयावर तो चढविताना दोर तुटून यंत्र भिंतीवर आदळले, आणि त्याचे वाकलेले वर्तुळ पुन्हा गोल करण्यात त्याचे कित्येक आठवडे गेले. ते ओझे ज्यांनी डोंगरमाथ्यांवर वाहिले, निशाण धरून जे उन्हात उभे राहिले, आणि तापाने जे जंगलातच राहिले, त्या खलाशांची नावे इतिहासाने बहुधा टिपून ठेवली नाहीत. लॅम्ब्टन स्वतः वीस वर्षे हे काम करीत हैदराबादेहून नागपूरकडे येत असता, १८२३ च्या जानेवारीत वाटेत हिंगणघाट येथे वारला. नागपूर त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आले होते. त्यास ते दिसले नाही. त्याची कबर हिंगणघाटासच आहे. पुढे ते काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. ह्याच खात्यातील राधानाथ सिकदार ह्यांनी १८५२ साली गणिताने दाखवून दिले, की पंधराव्या क्रमांकाचे एक अनाम शिखर जगातील सर्वांत उंच आहे. सिकदारांच्या हुद्द्याचे इंग्रजी नाव ‘कॉम्प्युटर’ असे होते, ही गोष्ट सहज सांगून ठेवण्यासारखी आहे. त्या काळी कॉम्प्युटर पगार घेत असे आणि सुटी मागत असे.

नागपूरकरांस ह्या मोजणीची एक खूण रोज दिसते. सीताबर्डीजवळचा झिरो माइलचा दगड १९०७ सालचा. त्याच्याविषयी लोकांत अशी समजूत आहे, की हिंदुस्थानाचा बरोबर मध्य तेथे आहे. ह्या समजुतीचा अभिमान बाळगण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु त्या स्थळाचे खरे महत्त्व निराळेच आहे. तेथे सर्वेक्षण खात्याचे प्रमाण तलचिन्ह आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी उंची तेथे नोंदलेली आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तेथून पट्टी आणि दुर्बीण घेऊन, पाऊल पाऊल चढउतार मोजीत, माणसे चालत आली, आणि फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा लिहून गेली. यंत्रातील सारणीत जो एक आकडा असतो, त्याची जुन्या काळची किंमत ही अशी होती.

परंतु सुटे आकडे म्हणजे भूमी नव्हे. १७७४ साली स्कॉटलंडमधील शिहॅलियन नावाच्या डोंगरापाशी ओळंबा डोंगराकडे किती ओढला जातो हे पाहून पृथ्वीचे वजन काढण्याचा प्रयोग झाला. त्यासाठी डोंगराचा आकार नेमका हवा होता. चार्ल्स हटन ह्या गणितज्ञासमोर उंचीच्या आकड्यांचा ढीग पडला, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडून पाहिले, आणि आकड्यांच्या गर्दीतून डोंगर वर आला. ह्याच त्या समोच्चरेषा. शाळेच्या भूगोलात त्या आपण सर्वांनी निमूटपणे गिरविल्या आहेत. पुढे १९५८ साली अमेरिकेत चार्ल्स मिलर व त्याचा सहकारी लाफ्लॅम ह्यांनी रस्ते आखण्याच्या कामी ही उंची पुन्हा आकड्यांच्या स्वरूपात गणकयंत्रास द्यावी अशी कल्पना मांडली, आणि ‘अंकीय भूप्रतिमान’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. म्हणजे प्रथम आकड्यांची रेषा झाली, आणि रेषेचे पुन्हा आकडे झाले.

दुसरा मार्ग कल्पनेचा. बेन्वा मँडेलब्रॉट ह्या गणितज्ञाने दाखविले, की डोंगराचा लहान तुकडा पुष्कळदा मोठ्या डोंगरासारखाच खडबडीत असतो. ह्यावरून लोरेन कार्पेंटर ह्याने १९८० साली अवघ्या दोन मिनिटांचा एक चित्रपट करून दाखविला. त्यात पाहणारा पर्वतांवरून उडत जातो, आणि ते पर्वत पृथ्वीवर कोठेही नाहीत. युक्ती ऐकावयास अगदी साधी आहे. एक रेघ घ्यावी. तिचा मध्यबिंदू फासे टाकून वर किंवा खाली सरकवावा. मग दोन्ही अर्ध्यांचे मध्यबिंदू त्याच्या निम्म्याने सरकवावे. आणि असे करीतच जावे. दहा-बारा फेऱ्यांत क्षितिजावर डोंगरांची कड उमटते. केन पर्लिन ह्याने १९८५ साली प्रसिद्ध केलेली ‘नॉइज’ची पद्धत ह्याहून मऊ आणि वळणदार, आजच्या बहुतेक साधनांत नवशिक्या पहिले बटण दाबतो तेव्हा आत पर्लिनचेच यंत्र फिरत असते.

हे डोंगर क्षणभर मोहून टाकतात, आणि मग मनास कोठेतरी खटकू लागतात. खटकण्याचे कारण असे, की त्यांवर पाऊस पडलेला नसतो. खऱ्या भूमीवर प्रत्येक ओहोळ कोणत्या तरी नाल्यास, नाला नदीस जाऊन मिळतो. लाखो वर्षे पाण्याने वाट काढल्यामुळे दऱ्या एकमेकींस जोडलेल्या असतात. फाशांनी घडविलेल्या डोंगरात मात्र जागोजाग बंद खळगे राहतात, पाणी जेथल्या तेथे कोंडते. १९८९ साली केन मस्ग्रेव्ह आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी ह्यावर उपाय काढला: यंत्रातच पाऊस पाडावयाचा, थेंबाने माती उचलावयाची, उतार संपला की टाकावयाची. आजच्या प्रत्येक चांगल्या साधनात ही धुपेची सोय असते. नवशिक्या ती बहुधा मनसोक्त वापरतो, आणि जे उभे राहते ते नेहमी आल्प्ससारखे दिसते. साधने करणाऱ्यांच्या देशांत जो डोंगर सुंदर समजतात, तो त्यांनी आधीच घालून ठेवलेला असतो. वऱ्हाड-नागपूरचा डोंगर तसा नाही.

म्हणून शिकणाऱ्याने फाशांचा नाद लवकर सोडून आपल्याच भूमीकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुदैवाने ती आता सहज मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर ह्या अवकाशयानाने साठ मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढून, त्याच्या दोन्ही टोकांकडून रडारने सुमारे अकरा दिवसांत पृथ्वीच्या जमिनीपैकी ऐंशी टक्के भाग मोजला. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ह्या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक किंचित पुढे पाहणारा आणि एक मागे. आपल्या दोन डोळ्यांस जशी खोली कळते, तशीच त्यास उंची कळे. त्यावरून केलेले प्रतिमान ‘भुवन’ ह्या संकेतस्थळावर ठेवण्यात आले. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांसंबंधीचे पुष्कळसे जुने निर्बंधही सैल केले. लॅम्ब्टनच्या वीस वर्षांपुढे अकरा दिवस! परंतु उपग्रहाचा आकडा खरा की खोटा हे ताडून पाहावयाचे झाले, तर अखेर जमिनीवरच्या मोजलेल्या खुणेकडेच यावे लागते.

अवकाशयानाच्या मोजणीचे तुकडे एक अंश लांब व एक अंश रुंद असे पाडलेले आहेत. नागपूर ज्या तुकड्यात येते तो २१ ते २२ अक्षांश आणि ७९ ते ८० रेखांश ह्यांमधला. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांची ज्यांस सवय आहे, त्यांस येथे गंमत वाटेल: हा तंतोतंत त्या खात्याचा ‘५५ ओ’ क्रमांकाचा अंश-नकाशाच होय, आणि शहर त्याच्या चौथ्या भागात येते. दोन पिढ्यांच्या दोन निरनिराळ्या यंत्रांनी भूमीचा तोच चौकोन कापला आहे.

ह्या चौकोनात आडव्या ३६०१ आणि उभ्या ३६०१ घरांत मिळून एक कोटी एकोणतीस लाखांहून अधिक उंच्या आहेत. ते पाहून नवशिक्या हरखतो आणि लगेच ठेचकाळतो. प्रत्येक उंची दोन बाइटांत लिहिलेली असते; मोठा भाग आधी, सुटा भाग नंतर. उलट्या क्रमाने वाचणाऱ्या साधनात ती तशीच घातली, तर काय होते पाहा. ३११ म्हणजे २५६ चा एक गठ्ठा आणि वर ५५ सुटे. उलट वाचल्यास २५६ चे पंचावन्न गठ्ठे आणि वर एक सुटा, म्हणजे १४,०८१ मीटर. झिरो माइलचा दगड एव्हरेस्ट शिखराच्या दीडपट उंच जातो, आणि त्याच्याहून एका मीटरने सखल असलेली शेजारची जमीन २५६ मीटर खाली कोसळते. रडारला जेथे काहीच दिसले नाही तेथे उणे ३२,७६८ हा आकडा खुणेसाठी घातलेला असतो; तो उंची समजून वाचला, तर शेतात पाताळापर्यंत विहीर पडते. शिवाय रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात. नागपूरच्या अक्षांशावर एका अंशाची पूर्वपश्चिम लांबी सुमारे १०४ किलोमीटर, दक्षिणोत्तर सुमारे १११. दोन्ही सारख्या धरल्या, तर सारा जिल्हा आडवा ताणला जातो.

आणखी एक दोष ह्याहून सूक्ष्म आहे. साध्या चित्रात करड्या रंगाच्या २५६ छटा असतात. हजार मीटर उंचीचा फरक त्यांत बसविला, तर प्रत्येक छटेस सुमारे चार मीटर येतात, आणि गुळगुळीत उतारास पायऱ्या पडतात. म्हणून जाणते लोक ६५,५३६ छटांचे, सोळा बिटांचे चित्र वापरतात. आता मौज अशी, की आपल्याकडे पायऱ्यांचे डोंगर खरेच आहेत. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला; त्यास ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दच मुळी जिन्याचा, स्वीडनकडचा. ह्या पाषाणाची पूर्वेकडील सीमा नागपूरपाशी येते. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची. शहराच्या पश्चिमेस सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. आणि पूर्वेस व ईशान्येस रामटेक-मनसरकडे त्याहून फार पुरातन, भट्टीतून निघाल्यासारखे कठीण खडक. तेव्हा पडद्यावर पायरी दिसली, तर ती निसर्गाची की चित्राच्या दारिद्र्याची, हे ठरविणे आले. दारिद्र्याच्या पायऱ्या बरोबर सारख्या अंतरावर पडतात आणि खडक पाहात नाहीत. पश्चिमेच्या डोंगरावर पडतात तशाच रामटेकावरही पडतात. लाव्ह्याचे थर कमीअधिक जाडीचे असतात. हा भेद पुस्तकात वाचून कळत नाही. अमरावतीच्या रस्त्याने जाताना खिडकीतून बाहेर पाहिल्यास कळतो.

ही भूमी प्रथम शास्त्रीय नजरेने ज्यांनी पाहिली, त्यांत स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्याचे नाव ठळक आहे. तो १८४५ साली येथे आला. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह त्याने नागपूरभोवतीचे खडक आणि त्यांतील जीवाश्म तपासले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येताना, पुराने फुगलेला एक ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करीत असता तो बुडाला. ज्याने ह्या भूमीचे थर मोजले, त्यास तिच्यावरून वाहणाऱ्या एका ओढ्याने नेले.

पाण्याचा हिशेबही पुढे नागपुरातच झाला. अलेक्झांडर बिनी हा इंजिनियर शहरास आंबाझरीच्या तलावावरून पाणी पुरविण्याच्या कामी होता. पाऊस पडतो त्यातले किती पाणी वाहून येते, हा प्रश्न त्याने अंदाजावर सोडला नाही. नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरांच्या लहानशा पाणलोटात १८६९ आणि १८७२ ह्या दोन वर्षी त्याने पाऊस आणि वाहून आलेले पाणी, दोन्ही मोजले. त्यावरून केलेले कोष्टक ‘बिनीची टक्केवारी’ ह्या नावाने अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आहे: वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर झाला तर त्याचा १५ टक्के भाग वाहतो, १००० झाला तर ३८ टक्के. म्हणजे हजार मिलिमीटरांच्या वर्षी त्या एवढ्याशा पाणलोटातून साठ लाख घनमीटरांहून अधिक पाणी येणार. बिनी पुढे लंडनला जाऊन टेम्स नदीखालच्या ब्लॅकवॉल बोगद्याचा कर्ता म्हणून नावारूपास आला. परंतु विदर्भातील इंजिनियरांस तो ह्या कोष्टकानेच ठाऊक आहे. कोष्टक वर्षाचे आहे, एका रात्रीचे नव्हे. आणि ते मातीच्या जमिनीवर मोजलेले आहे, सिमेंटच्या रस्त्यांवर नव्हे.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. आंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले, आणि माणसे दगावली. अशा वेळी पाणी कोठून कोठे जाईल हे आधी सांगावयाचे, तर भूमीचे तेच अंकीय प्रतिमान घ्यावे लागते, जे नवशिक्या हौसेने पडद्यावर फिरवीत असतो. नागपुरात हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या संस्था आहेत: १९७६ साली स्थापन झालेला मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचा राष्ट्रीय ब्यूरो, आणि १९८८ पासूनचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. परंतु कच्चा माल पुष्कळदा दोघांचा एकच, आणि अडचणीही त्याच.

त्या अडचणी घरबसल्या पाहता येतात. क्यूजीआयएसमध्ये आपला चौकोन उघडावा, आणि शहराच्या पश्चिमेस लाव्ह्याच्या टेकड्यांत, जेथे नाग नदी उगम पावते, तेथे पाण्याचा एक थेंब ठेवावा. (लाव्हा हे तेथील गावाचे नाव, ज्वालामुखीच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.) प्रत्यक्षात तो आंबाझरीत येतो, शहर ओलांडतो, कन्हानेस मिळतो, पुढे वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी. यंत्रातला थेंब शहरातच अडखळतो. आंबाझरीखालचे नदीचे पात्र पुष्कळ ठिकाणी तीस मीटरांहून अरुंद आहे, आणि सारणीचे एकेक घर मुळी तीस मीटरांचे. नदी दोन घरांच्या मध्ये हरवते. रडारला झाडाचा शेंडा आणि घराची गच्ची हीच जमीन वाटते. पूल दिसतो तो भिंतीसारखा, खालची कमान त्यास दिसत नाही, कारण एका ठिकाणी एकच उंची. गोणपाटास गुहा नसते, ती ही अशी.

ह्यावर साधनांत दोन उपाय दिलेले असतात. एक ‘खळगे भरा’ असा. तो दाबला की यंत्र पुलामागची सारी जागा पुलाच्या उंचीपर्यंत भरून सपाट करते, आणि थेंब वरून निघून जातो. चित्र सुरेख होते; परंतु ज्या वस्तीत पाणी तुंबले, ती वस्ती नकाशातून नाहीशी झालेली असते. दुसरा उपाय कष्टाचा आहे. पुलाची जागा शोधून तेथील घरांतले आकडे हाताने उतरवावयाचे, आणि नदीस वाट करून द्यावयाची. किती उतरवावयाचे, हे उपग्रह सांगत नाही. त्यासाठी पावसाळा उतरल्यावर पट्टी घेऊन त्या पुलाखाली जावे लागते, तळापासून कमानीपर्यंतची उंची मोजावी लागते, गाळ किती साचला आहे ते पाहावे लागते, आणि जवळपास सर्वेक्षण खात्याचे तलचिन्ह असल्यास तेथून पातळी आणावी लागते.